हाड म्हणायचं न्हाई

“दारी आलेल्याला ‘हाड’ म्हणायचं न्हाई, वनमाला. माणूस असू दे, न्हाईतर कुत्रं असू दे. तोंडातून हाड गेलं की घरातली बरकत गेली, ध्यानात ठेव.”

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. नवी नवरी होते. चुलीपुढं बसले होते. भाकरीच्या टोपल्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला माहेरच्या सवयीनं तो शब्द बोलून गेले. कुत्र्यानं भाकर खाल्ली आणि मी बोलणी. त्या दिवसापासून तो शब्द मी सोडला. लोक चातुर्मासात कांदा सोडतात, वांगं सोडतात; मी हाड सोडलं. ह्याला चौतीस वर्षं झाली. आत्याबाई जाऊन अकरा. त्यांचा आवाज मात्र अजून चुलीपाशीच बसलेला असतो.

बाकीचे नेम साधेच आहेत. तुळशीला पाणी घालेपर्यंत मौन, सोमवार, गुरुवार, एकादशी आणि दुपारी पोथीचं एक पान मोठ्यानं. आमच्या ह्यांना, गहिनीनाथरावांना, त्यातला मौनाचा नेम फार आवडतो. तो फार लवकर सुटतो एवढीच त्यांची तक्रार.

तर आमची स्वप्नाली. एकुलती एक. केजला जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. लग्नाचं विचारलं की तिला नेमकी कुणाची तरी अडलेली म्हैस आठवते. अशा मुलीचा एका सोमवारी फोन आला.

“आई, गुरुवारी पाव्हणा घेऊन येते. पंधरा दिवस ठेवून बघू. पटलं तर कायमचा ठेवू.”

पंधरा दिवस ठेवून बघायचं हे ऐकून मला जरा कसंतरी झालं. पण शिकलेल्या मुली. नवी पद्धत असेल, म्हणून मी गप्प बसले. ह्यांनी दाढी केली आणि इस्त्रीचं धोतर नेसलं. शेजारच्या मनकर्णाबाईंनी आपल्या काचेच्या कपबशा आणून दिल्या आणि त्या फुटू नयेत म्हणून स्वतःही येऊन बसल्या. मला गुरुवारचा उपास होता, तरी पाव्हण्यासाठी पोहे भिजवले.

दारात छोटा हत्ती टेम्पो थांबला. पुढून स्वप्नाली उतरली. मागून पाव्हणा उतरला. चार पायांवर. उंचीनं आमच्या गोऱ्ह्याएवढा, रंगानं तव्यासारखा, कान पडलेले, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत.

“वनमाला,” मनकर्णाबाई सावकाश म्हणाल्या, “जावई लई दणकट हाय गं.”

हे धोतराचा सोगा सावरत उभे राहिले. “कुत्रं? सपने, मी कुत्र्यासाठी दाढी केली?”

“अण्णा, तुमाला कुणी सांगितलंतं दाढी करा म्हणून?” स्वप्नाली म्हणाली. “ग्रेट डेन हाय. बीडच्या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेतून दत्तक घेतलाय. आईच्या नावावर.”

माझ्या नावावर ना जमीन ना घर. सुरुवात कुत्र्यापासून झाली म्हणायची.

संस्थेचा फॉर्म चार पानी होता. घराला कुंपण आहे का. घरात मोठ्यानं भांडणं होतात का. तुम्ही परगावी गेलात तर ह्याला कोण सांभाळणार. ह्याच्या म्हातारपणाची तुमची तयारी आहे का. मी एकेक प्रश्न वाचत होते आणि डोळे भरून येत होते. मला ह्या घरात दिली तेव्हा माझ्या वडिलांनी फक्त विहिरीला पाणी किती एवढंच विचारलं होतं.

पोहे पाव्हण्यानं खाल्ले. पाव्हण्यासाठीच केले होते. नावही तेच पडलं.

मग स्वप्नालीनं त्याची हकिकत सांगितली. वडवणीच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या हॉटेलासमोर तो सापडला होता. कुणीतरी जीपमधून आणून सोडलेला. आठ दिवस तो तिथंच बसून होता, येणारी प्रत्येक जीप बघत. हाडांचा सापळा झाला तेव्हा संस्थेनं उचलला. त्यानंतर दोन घरांनी नेला आणि दोन्ही घरांनी परत केला.

“कावून?” ह्यांनी विचारलं. “चावतंय काय?”

“चावत न्हाई, अण्णा. पण हाकललं की उलट अंगावर येतो म्हणतेत.” तिनं आवाज खाली आणला. “आई, संस्थेच्या पिंजऱ्यात तो पाणीसुद्धा पीत न्हाई. मागच्या बारीला सलाइनवर वाचला. आता तिसऱ्यांदा परत गेला, तर मी तुला खोटं सांगणार न्हाई. तो राहायचा न्हाई.”

मी पाव्हण्यापुढं पाण्याचं भांडं सरकवलं. बोलले असते तर ते वचन झालं असतं, आणि वचनांनी माझं ताट आधीच भरलेलं. स्वप्नालीनं त्याला अंडी द्यायला सांगितलं. मी भिंतीवरच्या आत्याबाईंच्या फोटोकडं बोट दाखवलं. आमचं घर माळकरी. अंडं आत आलं तर त्या फोटोतून खाली उतरतील. मुलगी तोंड वाकडं करून केजला गेली आणि पाव्हणा ज्वारीच्या भाकरी-ताकाला लागला.

हे म्हणाले, कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. हे शब्दाचे पक्के. पहिल्या दिवशी कुत्रं उंबऱ्याच्या बाहेर होतं. दुसऱ्या दिवशी ते उंबऱ्यावर होतं, आणि उंबरा म्हणजे काही आत नव्हे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत आले तर हे बाजेच्या कडेला अंग चोरून निजलेले आणि उरलेल्या बाजेवर पाव्हणा पसरलेला.

“त्याला खाली लागतंय,” हे डोळे न उघडता म्हणाले. “हाडं टोचत्यात बिचाऱ्याची.”

पाव्हण्यानं ताडकन मान वर केली आणि ह्यांच्या हाताकडं बघितलं. आम्ही दोघंही हसलो. आमच्या अकलेला तेव्हा तेवढंच जमलं.

तो तसा गरीब होता. पहाटे मी मौनात सडा घालायची तेव्हा माझ्या मागं मागं यायचा, तोही मौनात. तुळशीपाशी बसायचा. आमच्याकडं त्याला कुणी दटावून बोलायचं नाही. पाव्हणा म्हटल्यावर तोंडातून आपोआप “पाव्हणं, बसा” असंच यायचं, आणि एवढं म्हटलं की तो मागचे पाय दुमडून, एखाद्या मुरलेल्या सोयऱ्यासारखा, भिंतीला टेकून बसायचा. एकच गोष्ट बघवायची नाही. रस्त्यावर जीप थांबली की तो उठून उभा राहायचा. जीप गेली की बसायचा. दिवसातून कितीदा तरी.

पहिला गोंधळ झाला तो विरजणावरून. मनकर्णाबाई विरजण मागायला आल्या. त्यांना कुत्र्याची भीती नाही. कुत्र्यांना त्यांची असते. फाटकातूनच त्यांनी आवाज दिला, “हाड! हाड गं बया, केवढं धूड हे!”

पाव्हणा ओट्यावरून उडाला तो थेट त्यांच्यापुढं. वाटी एकीकडं, मनकर्णाबाई दुसरीकडं. “हाड! हाड! हाड!” त्या ओरडत राहिल्या आणि प्रत्येक हाडाला तो आणखी जवळ जात राहिला. मी माजघरातून धावत आले. तो त्यांचे दोन्ही हात आळीपाळीनं हुंगत होता आणि शेपटीनं फाटक बडवत होता.

“मला खात हुतं!” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“पाव्हणं, बसा,” मी म्हणाले. तो बसला.

“ह्याला पाव्हणं म्हणतीस आणि मला साधं ये बस म्हणाली न्हाईस,” एवढं ऐकवून त्या विरजण न घेता गेल्या. माझ्या आठवणीत त्या काही न घेता गेल्या, असं पहिल्यांदाच घडलं.

मग पेपरवाल्यावर धावला. मग गॅसची टाकी आणणाऱ्यावर. चावला कुणालाच नाही, पण धावला सगळ्यांवर. गावात झालं, की वनमालाबाईच्या घरात वाघ हाय आणि बाई त्याला उपास घडवतीया.

अशात विजयसिंहभाऊ आले.

भाऊंची ओळख करून द्यायची गरज आमच्या गावात कुणाला पडत नाही. जिथं तिथं फ्लेक्स असतातच. भाऊ मागच्या निवडणुकीत पडले, तेव्हापासून त्यांचे फ्लेक्स लोकांच्या जास्त उपयोगी पडू लागले. मनकर्णाबाईंच्या शेळ्यांच्या गोठ्यावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. भाऊ उलटे आहेत, पण पाणी गळत नाही. कुणी म्हणेल भाऊंनी गावासाठी काय केलं, तर मी हा गोठा दाखवीन.

ह्या वेळी पुन्हा उभं राहायचं म्हणून भाऊ दारोदार हात जोडत निघाले होते. मागं दहा-बारा कार्यकर्ते, त्यातला एक मोबाइलवर सगळं टिपत होता. जीप आमच्या दारात थांबली. पाव्हणा उभा राहिला.

मी नेहमी बघायची तसा नाही. ह्या वेळी त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

“वहिनी, रामकृष्ण हरी,” भाऊ फाटकातून म्हणाले. मग त्यांचं लक्ष ओट्याकडं गेलं. जोडलेले हात सुटले. “हाड! हाड बे! ए, हाकला रे ह्याला!”

पुढचं सगळ्या तालुक्यानं मोबाइलवर बघितलं, म्हणून थोडक्यात सांगते. पाव्हण्यानं ओट्यावरून झेप घेतली, पुढचे दोन्ही पाय भाऊंच्या खांद्यांवर ठेवले आणि गंधापासून हनुवटीपर्यंत भाऊंचं तोंड चाटून काढलं. भाऊ शेणाच्या पाटीत बसले. पांढऱ्या खादीवर शेण इतकं ठळक उठतं हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या कार्यकर्त्यांना घोषणा द्यायची का पळायचं हे ठरेना. दोघांनी पळता पळता घोषणा दिली.

“पाव्हणं, बसा,” मी म्हणाले.

माझा आवाज मुळात बारीक. तरी तो बसला. भाऊंच्या मांडीवर.

दोन दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई कागद घेऊन आला. ग्रामसभा, विषय क्रमांक एक : गावातील धोकादायक कुत्र्याचा बंदोबस्त. मी स्वप्नालीला फोन केला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “ठराव झाला तर संस्थेला न्यावंच लागतं, आई. फॉर्मात लिहिलंय तसं. तुझी सही हाय.”

“ते चौथं पान मी वाचलं नव्हतं,” मी म्हणाले.

“मंगळवारी ठराव झाला की बुधवारी गाडी येईल.” तिचा आवाज बदलला. “त्याला आता सवयीनं जास्त जवळ घेऊ नको, आई. मग लई जड जातंय.”

मी फोन ठेवला आणि खाली बघितलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवरच होतं.

सोमवारी दुपारी मी पोथी घेऊन बसले. शेवटचीच दुपार, म्हणून त्याला समोर बसवलं. कानावर चार शब्द पडले तर पुढच्या जन्मी तरी ग्रामसभा चुकेल. देहाच्या नाशवंतपणाचं पान होतं. चष्मा जुना, पोथी जुनी. पान जिथं संपलं तिथं शब्द अर्धा तुटला होता. मी वाचलं, “ऐसा हा देह, केवळ हाड...” आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

पाव्हणा उठला. पोथीपुढं येऊन उभा राहिला. माझ्या हाताकडं बघू लागला. शेपूट हलत होती. लाळेची तार पोथीवर पडली.

“मांसाचा पिंजरा,” मी पुढच्या पानावर ओळ पुरी केली. त्याला मांसाशी काही देणंघेणं दिसलं नाही. तो मागं जाऊन बसला.

मी मागचं पान परत काढलं. “केवळ हाड...”

आला. हाताकडं बघू लागला.

मी पोथी मिटली. चौतीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडात कधी आला नव्हता, आणि आता आला तो पोथीच्या आडून. मला ह्यांची बाज आठवली. हाडं टोचत्यात म्हटल्याबरोबर वर झालेली मान आठवली. मनकर्णाबाई आठवल्या, एकेका हाडाला जवळ जाणारा तो आठवला. कुठंतरी कुणीतरी ह्या जनावराला लहानपणी हाड टाकताना “हाड!” म्हणून बोलावलं होतं. त्याच्या लेखी तो हाकलण्याचा शब्द नव्हताच. जेवायला बोलवायचा शब्द होता. दोन घरांनी त्याला हाड हाड करून जेवायला बोलावलं आणि आला म्हणून परत पाठवला.

खात्री करायला हवी होती, आणि खात्री करायची तर शब्द उच्चारायला हवा होता. मी आत्याबाईंच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिले. “हाकलायला म्हणायचं न्हाई असं तुमी सांगितलंतं,” मी म्हणाले. “बोलवायला म्हणायचं न्हाई असं काही तुमी बोलला न्हाईत.” फोटो गप्प राहिला. आत्याबाई हयात असत्या तर इतक्या सहज सुटले नसते.

मी ओट्यावर गेले, पदर तोंडाला लावला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “हाड.”

तो आला. न्हाणीतून म्हटलं, आला. गोठ्याच्या मागून म्हटलं, आला. अकरा वेळा म्हटलं आणि अकराही वेळा आला. प्रत्येक वेळी माझ्या हाताकडं बघितलं. प्रत्येक वेळी हात रिकामा. तेव्हा मला आपल्या हुशारीचंच इतकं कौतुक वाटत होतं की त्याच्या नजरेकडं माझं लक्ष गेलं नाही.

हे बाजेवरून सगळं बघत होते. “चौतीस वर्षं नेम पाळलास,” म्हणाले, “आणि आता एका दुपारी सगळं भरून काढतीस व्हय?”

मंगळवारी एकादशी होती. ग्रामसभाही. पाणी योजनेच्या ग्रामसभेला तीनदा माणसं पुरली नव्हती, म्हणून ती तीनदा तहकूब झालेली. कुत्र्याच्या ग्रामसभेला लोक खिडक्यांना लोंबकळत होते. सरपंच भाऊंच्या भावजय. त्या घरी होत्या, त्यांची सही येणार होती. खुर्चीत भाऊ होते. चहाच्या किटल्या घेऊन राधाकिशन फिरत होता. भाऊंच्या मळ्यावर सोळा वर्षं स्वयंपाक करणारा हा माणूस, सभा असली की चहाला येतो.

मी पाव्हण्याला दोरीनं धरून आत गेले. अर्धी सभा बाकावर चढली.

“वहिनी,” भाऊ टेबलामागून म्हणाले, “तुमी देवमाणूस हाव. तुमच्याबद्दल आमाला लई आदर. पण कुत्रं ते कुत्रं. उद्या एखाद्याचा जीव गेला म्हंजे? माझ्याच अंगावर कसं आलं, सगळ्यांनी बघितलं.”

“लई जणांनी बघितलं, भाऊ,” मनकर्णाबाई खिडकीतून म्हणाल्या. “माझ्या भाच्यानं पुण्याहून बघितलं.”

हसणं विरेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, “भाऊ, एक मागणं हाय. ह्याला एकदा हाकलून दाखवा.”

“काय म्हणतेत वहिनी? मोठ्यानं बोला.”

“त्या म्हणतेत, हाकला त्याला,” ह्यांनी सांगितलं.

मी दोरी सोडली. भाऊ उभे राहिले, खुर्ची पुढं धरली आणि सगळा जीव एकवटून ओरडले, “हाड!”

पाव्हणा निघाला. शेपटीच्या एका फटक्यात टेबलावरचे तीन कप खाली गेले. टेबलाला वळसा घालून तो भाऊंच्या पुढ्यात थांबला आणि त्यांच्या उजव्या हाताकडं बघू लागला. गुरगुरणं नाही, दात नाही. नुसता बघत राहिला. आणि लाळ.

“आता डावा हात मागं करा, भाऊ, आणि परत म्हणा,” मी म्हणाले.

“हाड,” भाऊ म्हणाले. ह्या वेळी आवाज तेवढा नव्हता. तो वाकून मागचा हात बघायला गेला.

सगळी सभा त्या हाताकडं बघू लागली. तेवढ्यात राधाकिशनच्या हातातली किटली टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

“अवो भाऊ!” तो म्हणाला. त्याचं तोंड उजळून निघालं होतं. “ह्यो आपला सिकंदर की वो! मळ्यावरचा! मी मटणाच्या पातेल्यातलं काढून ‘हाड’ म्हणलं की असाच पळत यायचा. वळखलं न्हाई व्हय? केवढा झाला बघा!”

“राधाकिशन,” भाऊ म्हणाले, “चहा बघ.”

“चहा हाय की. पर ह्यो तर मुंबईला पाठवलाय म्हणलंतं तुमी, मोठ्या सायबाकडं. मी म्हणलं, बरं झालं, सुखात असंल...”

त्याला बोलता बोलताच काहीतरी उमगलं आणि तो थांबला. किटली घेऊन मागं सरकला. सिकंदर ह्या नावावर पाव्हण्याचा कानसुद्धा हलला नव्हता. नाव फोटोपुरतं असावं. त्या नावानं त्याला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

“थांबा थांबा,” मनकर्णाबाईंचा आवाज आला. “माझ्या शेळ्यांच्या वर भाऊंच्या काखंखाली काळं तोंड हाय एक. मी म्हणायची, ह्यो कोण कार्यकर्ता? ह्योच हाय! गळ्यात पट्टा बी हाय!”

दोघंतिघं खरंच गोठा बघायला पळाले. भाऊंनी कपाळ पुसलं. निवडणुकीत पडल्यावर भाऊंनी अपशकुनी म्हणून काय काय टाकलं हे गावाला माहीत होतं; जुना ड्रायव्हर, बंगल्याचं पूर्वेचं दार. कुत्र्याचं माहीत नव्हतं. वडवणी लांब आहे. टाकलेलं जनावर परत येऊ नये म्हणून लांबच नेऊन सोडतात. भाऊंचं परत आलं, तेही कागदपत्रांसह.

मी हे काही बोलले नाही. एकादशीला कुणाला लागेलसं बोलू नये. मी एवढंच म्हणाले, “भाऊ, त्याला बसवा आता. उभ्यानं दमलाय.”

“बस,” भाऊ म्हणाले.

तो हाताकडं बघत उभाच.

“बस बे!”

“तसं न्हाई, भाऊ. आमच्या घरात त्याला ‘पाव्हणं, बसा’ म्हणतेत. तो तेवढंच जाणतो.”

भाऊंनी सभेकडं बघितलं. सभा भाऊंकडं बघत होती. खिडकीतले तीन मोबाइल वर झाले. भाऊंनी आजवर मतदारसंघात पुष्कळ जणांना पाव्हणं म्हटलं असेल, पण इतकं अवघड कधी गेलं नसेल.

“पाव्हणं,” ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची खाली ठेवली. “बसा.”

पाव्हणा मागचे पाय दुमडून बसला. एवढ्या टाळ्या आमच्या ग्रामपंचायतीनं पहिल्यांदाच ऐकल्या. ग्रामसेवकांनी विचारलं, ठरावात काय लिहू. कुणीतरी ओरडलं, “लिहा, ‘सदर कुत्र्यास हाड म्हणू नये.’” तेच लिहिलं गेलं. एकमतानं. गावानं केलेल्या ठरावांपैकी अमलात आलेला हा पहिला. पेपरवाला दुसऱ्या दिवशी फाटकातून “पाव्हणं, बसा” म्हणाला आणि पेपर पहिल्यांदा कोरडा मिळाला. मात्र मनकर्णाबाईंचं म्हणणं, हा मान त्यांनाही मिळावा.

सभेनंतर स्वप्नालीला फोन लावला. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, “आई, फॉर्मवर कायमच्या रकान्यात सही कर.”

मी चौथं पान वाचून सही केली.

पण सांगायचं ते पुढंच आहे. सभेहून घरी येईपर्यंत पाव्हणा माझ्या हाताकडं बघत चालला होता. एकदा उजव्या, एकदा डाव्या. ओट्यावर आल्यावरही बघत होता. मग एक सुस्कारा सोडून खाली बसला. तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ लागला. भाऊंनी त्याला दोनदा म्हटलं होतं. मी अकरा वेळा. तो प्रत्येक वेळी विश्वासानं आला होता आणि मी प्रत्येक वेळी मोकळा हात दाखवला होता. आम्ही लोक म्हणतो, शब्द दिला की पाळावा. मी तर त्याला जेवायला बोलवायचा शब्द दिला होता. गावात मी जिंकले होते. ओट्यावर मी आणि भाऊ एका रांगेत उभे होतो.

रात्री उपासाचा फराळ मी तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. युसूफ वडगावचा बाजार. सडा झाला, तुळशीला पाणी झालं, मौन सुटलं, देवाला नैवेद्य दाखवून पारणं फेडलं. मग जुनी पिशवी काढली. देवाच्या सामानाची नव्हे, मागच्या खुंटीवरची.

हे बाजेवरून म्हणाले, “कुठं?”

“बाजाराला.”

“काय आणायचं हाय? कोथिंबीर मी आणतो की.”

“कोथिंबीर न्हाई,” मी म्हणाले. “पाव्हण्याचं हाय.”

बाजाराच्या त्या टोकाला, भाजीवाल्यांच्या पलीकडं, पत्र्याच्या दुकानांची ओळ आहे. चौतीस वर्षं मी तिथून जाताना नाकाला पदर लावून वाट वाकडी केली. हे माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्या गळ्यातल्या माळेकडं, मग स्वतःच्या. आता नेमधर्मावर काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी थांबले.

हे उठले. मांडणीवरून कडीचा डबा काढला, झाकण दोनदा दाबून बघितलं आणि माझ्या पिशवीत ठेवला.

“झाकण घट्ट हाय,” म्हणाले. “आणि खायला त्याला गोठ्यामागं दे. आईच्या फोटोला तिकडून दिसत न्हाई.”

फाटकापाशी पाव्हणा उभा होता. माझ्या हाताकडं बघत.

“पाव्हणं, बसा,” मी म्हणाले. “आलेच मी.”

तो बसला. मी डोक्यावरून पदर घेतला, फाटक हळूच ओढून घेतलं आणि बाजाराच्या वाटेला लागले.